एका व्हिडिओतले दोन राजे

मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आधीच माहेनूरचा आवाज निम्म्या नाशकात पोचला होता, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

सृष्टीला तो पहिल्यांदा ऐकू आला सिटी बसमध्ये. पुढच्या सीटवरचा माणूस मोबाइलवर काहीतरी बघत होता, आवाज चांगला मोठा ठेवून. त्यातून ओळखीचं हसू आलं आणि पाठोपाठ ओळखीचे शब्द. "हा कसला राजा? नुसता मिशीला पीळ देतो. शत्रू दारात आला की गुहेत दडी. असल्याचा मुकुट काढावा आणि त्यात कोंबड्यांना पाणी ठेवावं!"

सृष्टीला आधी हसूच आलं. आपला व्हिडिओ कोणीतरी अनोळखी माणूस बसमध्ये बघतोय, याचा आनंद झाला. 'इंटरवलच्या गप्पा' हे त्यांचं चॅनल बघायचे ते मावसभाऊ, शेजारी आणि कॉलेजच्या जुन्या मैत्रिणी. मग तिने जरा वाकून त्या माणसाच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं. आवाज माहेनूरचा होता, पण चित्र होतं किल्लेदार हैबतरावाचं. घोड्यावर बसलेला, रक्ताने माखलेला, हातात मोडकी तलवार. खाली लाल अक्षरांत माहेनूरचं पूर्ण नाव, दुकानाचं नाव, आणि त्याखाली ओळ : 'हिला ओळखून ठेवा.'

"काय माज आहे बघा," तो माणूस शेजारच्याला म्हणाला. शेजारच्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मला पण पाठव."

सृष्टी आपल्या थांब्याच्या दोन थांबे आधीच उतरली आणि चालत सुटली.

झालं होतं ते असं. रविवारी दोघींनी एकापाठोपाठ एक असे दोन सिनेमे पाहिले होते. सकाळी 'निळ्या बेटाचा शाप', म्हणजे जादू, उडणारं कासव, समुद्राच्या पोटातला अजगर आणि त्या अजगराला घाबरून स्वतःच्या मुलीचा बळी द्यायला निघालेला एक भित्रा राजा. दुपारी 'शेवटचा दरवाजा', म्हणजे तो किल्लेदार हैबतरावाचा ऐतिहासिक सिनेमा, ज्याची सगळ्या शहरात पोस्टरं लागली होती. संध्याकाळी सृष्टीच्या कॉलनीतल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, दोघींनी दोन्ही सिनेमांवर गप्पा मारल्या आणि त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. एकाच व्हिडिओत दोन्ही उरकू, ही कल्पना सृष्टीची. मुकुटात कोंबड्यांना पाणी ठेवायचं ते त्या निळ्या बेटाच्या राजाच्या. कोणीतरी तेवढंच वाक्य उचललं आणि हैबतरावाच्या चित्राखाली चिकटवलं.

एम. जी. रोडजवळच्या चष्म्याच्या दुकानात त्या दोघी काम करायच्या. सृष्टी गांगुर्डे बिलाच्या काउंटरवर, माहेनूर अत्तार फ्रेम दाखवायला आणि माप घ्यायला. सृष्टी पोचली तेव्हा माहेनूर आरशासमोर उभी राहून स्कार्फला पिन लावत होती. मालक योगेशशेठ फोनवर होते. त्यांचा चेहरा पाहूनच सृष्टीला कळलं की बातमी तिच्या आधी पोचली आहे.

"हो, हो, आमच्याकडेच आहे... नाही, तसं नसेल हो... बघतो मी, बघतो." त्यांनी फोन ठेवला आणि माहेनूरकडे न बघता विचारलं, "तू काय बोललीस त्या पिक्चरबद्दल?"

"कुठल्या?"

सृष्टीने मोबाइल तिच्या हातात दिला. माहेनूरने एकदा पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. स्कार्फची पिन अजून तिच्या बोटांत होती.

"हे मी त्या दुसऱ्या राजाला बोलले होते," ती हळूच म्हणाली. "अजगराच्या सिनेमातल्या. शेठ, तो खरा राजासुद्धा नाहीये. तो कार्टूनसारखा आहे."

"मला पटतंय गं. पण मला पटून काय उपयोग?" योगेशशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांचं दुकान फक्त काचेचं होतं. "तू घरी जा. आत्ताच्या आत्ता. दोन दिवस येऊ नकोस. रिक्षाचे पैसे मी देतो."

माहेनूर गेली. जाताना तिने सृष्टीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तक्रार नव्हती. नुसता प्रश्न होता, हे असं कसं झालं?  ते वाक्य कोणी कापलं हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

दुपारपर्यंत फोन वाढत गेले. आधी नाशकातून, मग बाहेरून. मनमाडहून माहेनूरच्या फुफूचा, म्हणजे आत्याचा, कळवणहून योगेशशेठच्या साडूचा. नामपूरच्या कांदा मार्केटमधल्या कुणा अडत्याने म्हणे ग्रुपवर विचारलं होतं की या दुकानाचा पत्ता काय. चारच्या सुमाराला सृष्टीने मूळ व्हिडिओ उघडायचा प्रयत्न केला. लोकांना त्याची लिंक पाठवली की झालं, एवढा साधा उपाय तिला सुचला होता. पण चॅनलच उघडेना. तिने माहेनूरला फोन केला.

"अल्तमशने उडवलं," माहेनूर म्हणाली. अल्तमश तिचा धाकटा भाऊ, चॅनलवर व्हिडिओ टाकायचं काम त्याचंच. "घाबरला तो. म्हणाला, राहिलं तर लोक अजून काहीतरी कापून काढतील. सगळंच काढून टाकलं."

"अगं, पण तोच तर पुरावा होता!"

"आता काय सांगू त्याला? गल्लीच्या तोंडाशी दोन पोरं बाइकवर येऊन घराकडे बघून गेली. अब्बू दुकान बंद करून दारात बसलेत."

सृष्टीने मोबाइल हातात फिरवला. रविवारचं सगळं रेकॉर्डिंग तिच्याच मोबाइलवर होतं. गच्चीवर ट्रायपॉडला तिचाच मोबाइल लावला होता. पूर्ण व्हिडिओ आता जगात तेवढा एकच उरला होता.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पूर्ण आहे."

पलीकडून माहेनूर म्हणाली, "सृष्टी, त्यात तू पण आहेस. तू काय काय बोललीयस आठवतंय ना? राहू दे. दोन दिवसांत थंड होईल."

सृष्टीला चांगलंच आठवत होतं. गंमत अशी होती की हैबतरावाच्या सिनेमावर माहेनूर फिदा होती. टीका केली होती ती सृष्टीने.

घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं. धोंडीराम गांगुर्डे सरकारी कचेरीत कारकून होते. उभा जन्म त्यांनी फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नीट पोचवल्या होत्या आणि कुठल्याही फाइलवर स्वतःचं मत लिहिलं नव्हतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"क्लिपमध्ये तुझं नाव आहे?"

"नाही."

"तुझा आवाज?"

"नाही, पप्पा."

"मग विषय संपला. पोलिसात जायचं तर ते जातील. तू मध्ये पडायचं नाही."

"पप्पा, तिने काहीच केलं नाहीये. आणि माझ्याकडे व्हिडिओ आहे."

"आणि तुझं त्यात काय काय आहे, ते पण आहे ना?" ते उठले. "उद्या तुझ्या नावाने अशीच क्लिप फिरली तर या घरासमोर कोण येऊन उभं राहील याचा विचार केलायस? माहेनूरचे वडील दारात बसलेत म्हणतेस. उद्या मी बसायचं का?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गॅस बंद केला होता, म्हणजे ती ऐकत होती.

सृष्टी आतल्या खोलीत गेली आणि तिने व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला. मग तिने एक गोष्ट केली. ती करताना तिला ती हुशारीची वाटली. स्वतःचा भाग तिने काढून टाकला. निळ्या बेटाच्या राजाची टर ठेवली, त्याआधी 'आता जादूच्या सिनेमाबद्दल' असं माहेनूर म्हणते तेही ठेवलं, आणि मग थेट माहेनूरने हैबतरावाच्या सिनेमाचं केलेलं कौतुक जोडलं. तिची मैत्रीण सुटत होती, ती स्वतःही सुटत होती आणि पप्पांना दारात बसावं लागणार नव्हतं. तिने ती फाइल वेगळी ठेवली आणि पूर्ण रेकॉर्डिंग मात्र पुसलं नाही. का पुसलं नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बुधवारी अकराच्या आसपास ते आले.

आधी बाइकचे आवाज आले, मग काचेच्या दारापलीकडे माणसं दिसायला लागली. पंधरा-वीस असतील. पुढे होता तो दिनेश. पंचवटीत त्याचा टेम्पोचा धंदा होता, आणि तीन-चार चौकांतली पोरं त्याचं ऐकायची. अंगाने भक्कम, आवाज मात्र हळू. दार त्याने ढकललं नाही, उघडलं. दुकानात एक म्हातारे गृहस्थ डोळे तपासायला बसले होते, ते न सांगता उठून बाहेर गेले.

"योगेशशेठ, माझ्या आईचा चष्मा तुमच्याकडचा आहे," दिनेश म्हणाला. "म्हणून मी पोरांना सांगितलंय, काचेला हात लावायचा नाही. त्या पोरीला बोलवा. इथे उभी राहील, मोबाइलसमोर हात जोडेल, माफी मागेल. आम्ही जाऊ."

"दिनेशभाऊ, ती रजेवर आहे..."

"मग आम्ही तिच्या घरी जाऊ का?"

योगेशशेठच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पोलीस चौकीला फोन लावला होता, गाडी निघाली आहे असं कळलं होतं. पण गाडी अजून आली नव्हती. बाहेर एकाने काचेवर तळहात मारला. नुसता तळहात. सगळ्या फ्रेम कपाटात खुळखुळल्या.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक माणूस आत आला. पांढरी दाढी, अंगावर कापूस चिकटलेला सदरा. रहेमान अत्तार. जुन्या नाशकात त्यांचं गाद्यांचं दुकान होतं, आणि निम्म्या जुन्या नाशकातल्या लेकी त्यांच्या गाद्या घेऊन सासरी गेल्या होत्या. पोरं बाजूला झाली. सृष्टीला वाटलं, चाचा आता भांडतील. त्यांनी दिनेशसमोर हात जोडले.

"मी तिचा बाप. पोरगी लहान आहे. काय बोलली असेल, चुकून बोलली असेल. माफी मी मागतो. माझा काढा व्हिडिओ. तिचा नको."

कोणीतरी लगेच मोबाइल वर केला. दिनेशला बहुधा हे अपेक्षित नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला हात जोडायला लावणं आणि पोरीला लावणं, यात त्याच्या हिशेबी फरक असावा. पण मागच्या पोरांच्या हिशेबी तसा फरक नव्हता. "जोरात बोला, चाचा!" असं एकजण म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

रहेमानचाचांनी घसा साफ केला.

"थांबा," सृष्टी म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. बिलाच्या काउंटरमागून ती बाहेर आली. "चाचा, तुम्ही कशाची माफी मागताय? ती ते बोललीच नाहीये. म्हणजे बोलली, पण या किल्लेदाराला नाही. दुसऱ्या सिनेमातल्या राजाला. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

"तू कोण?" दिनेशने विचारलं.

"मी तिच्यासोबत होते."

दुकानात भिंतीवर एक टीव्ही होता, ज्यावर दिवसभर लेन्सच्या जाहिराती चालायच्या. सृष्टीने मोबाइल त्याला जोडला. जोडताना तिने ठरवलेली फाइल उघडली. कापलेली.

टीव्हीवर गच्ची आली, टाकी आली, आणि हसणारी माहेनूर आली. "आता जादूच्या सिनेमाबद्दल. कासव एक नंबर! पण राजा? हा कसला राजा?" पुढचं वाक्य आलं तेव्हा बाहेरची पोरंसुद्धा दाराशी दाटली होती. अजगराचा उल्लेख आला, मुलीला बळी द्यायचा उल्लेख आला. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. "अरे, हा तो कासववाला पिक्चर." 

मग माहेनूर दुसऱ्या सिनेमाबद्दल बोलायला लागली. तिचं पहिलं वाक्य होतं, "नाही हं, हे तुझं मला अजिबात पटलं नाही."

दिनेशने हात वर केला. "थांबव."

सृष्टीने थांबवलं.

"काय पटलं नाही तिला? कोण काय म्हणालं होतं?"

सृष्टीने टीव्हीकडे पाहिलं. चित्रात आधी टाकीची सावली माहेनूरच्या खांद्यावर होती, आता ती जमिनीवर होती. रात्री बसून नीट पाहिलं असतं तर हे तिलाही दिसलं असतं.

"हे पण कापलेलं आहे," दिनेश हळू आवाजात म्हणाला. मग मागे वळून मोठ्याने म्हणाला, "हे पण कापलेलंच आहे रे!"

दुकानातली हवा एकदम बदलली. मागून शिवी आली. "बनवतेय आपल्याला!" कोणीतरी काउंटरवरचा फ्रेमचा ट्रे ढकलला, चार-पाच फ्रेम खाली पडल्या. रहेमानचाचा सृष्टीच्या पुढे येऊन उभे राहिले. "बेटा, तू जा आतमध्ये," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सृष्टीला सहन झालं नाही. या माणसाच्या मुलीला वाचवायला निघालेली ती, आणि त्या मुलीला आधीपेक्षा खोलात घालून बसली होती.

"आहे," ती म्हणाली. "पूर्ण पण आहे. मी माझा भाग काढला होता. मी घाबरले म्हणून काढला."

"लाव," दिनेश म्हणाला. "आणि मोबाइल माझ्या हातात दे. मध्ये थांबवायचं नाही."

तिने मोबाइल दिला.

सगळं पुन्हा पहिल्यापासून चाललं. कासव, राजा, मुकुट, कोंबड्या. मग टीव्हीवर स्वतः सृष्टी आली, समोसा खात, मजेत. "हैबतराव घोड्यावर चढायला लागला तेव्हा मी समोसा घेतला, आणि तो चढून बसला तेव्हा समोसा संपला होता. एवढं स्लो मोशन! आणि मला एक सांग, अडीच तास हा माणूस एकटाच लढला. गडावर पाणी कोण वाहत होतं? चुना कोण मळत होतं? दारूगोळ्याच्या पिशव्या कोण उचलत होतं? अख्ख्या गडावर एक बाई दिसली, तीसुद्धा आरतीचं ताट घेऊन. ज्यांच्या खांद्यावर गड उभा राहिला ती माणसं पडद्यावर नाहीतच. इतिहास आहे की हैबतरावाचा फोटो अल्बम?"

गच्चीवर हे बोलताना तिला किती हलकं वाटलं होतं! आता एकेक शब्द टीव्हीतून पडत होता आणि कोणी हसत नव्हतं.

"नाही हं, हे तुझं मला अजिबात पटलं नाही," टीव्हीतली माहेनूर म्हणाली. आता तिचे डोळे भरलेले दिसत होते. "तू शेवट बघ ना. तो दरवाजाला पाठ लावून उभा राहतो. बाहेरून धडका बसतायत, त्याच्या तोंडातून रक्त येतंय, आणि तो आतल्या लेकरांना ससा-कासवाची गोष्ट सांगतोय. का? तर त्यांना धडका ऐकू येऊ नयेत म्हणून. सृष्टी, मी तिथे फुटले गं. आमची अम्मी गेली ना, तेव्हा पलीकडच्या खोलीत बायका रडत होत्या, आणि अब्बू आमच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसले होते. अल्तमशला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होते. परीची. त्यांना परीची गोष्ट येत पण नव्हती, मध्येच काहीतरी जोडत होते. मला त्या हैबतरावामध्ये अब्बू दिसले."

व्हिडिओ संपला. टीव्हीवर लेन्सची जाहिरात आपोआप सुरू झाली.

रहेमानचाचांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. तसाच हातात धरून उभे राहिले. दिनेश मोबाइलकडे बघत होता. त्याने तो सिनेमा वडिलांना घेऊन पाहिला होता, असं त्याने अलीकडेच योगेशशेठना सांगितलं होतं.  

"त्या पोरीच्या बोलण्यात काही नाही," शेवटी तो मागे वळून म्हणाला. मग सृष्टीकडे बघून म्हणाला, "तुझ्या आहे. फोटो अल्बम म्हणालीस. माफी माग."

"मी सिनेमाबद्दल बोलले," सृष्टी म्हणाली.  काउंटरची कड तिने घट्ट धरली. "तिकीट काढून पाहिला, नाही आवडला. दिग्दर्शकाला बोलले. किल्लेदाराला एक शब्द नाही. दादा, तुम्हीच आत्ता ऐकलंत. आवाज वाढवून, न थांबवता."

"माफी माग म्हटलं ना भाऊंनी!" मागून एकजण पुढे आला. दिनेशने त्याच्या छातीवर हात ठेवला.

"नाही मागणार," सृष्टी म्हणाली. "चुकले असते तर मागितली असती. मघाशी कापलेलं दाखवलं, त्याची मागते. त्याची हात जोडून मागते. बोलले त्याची नाही."

दिनेश तिच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली. त्या गाडीमुळे तो गेला की आधीच ठरवलं होतं, हे सृष्टीला पुढेही कधी सांगता आलं नाही. त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला, खाली पडलेल्या फ्रेमपैकी एक उचलून ट्रेमध्ये टाकली आणि रहेमानचाचांना म्हणाला, "चाचा, घरी जा. तुमच्या गल्लीत आपलं कोणी येणार नाही." मग दार उघडताना सृष्टीला म्हणाला, "बोलायचं तर जरा बघून बोलावं माणसाने." आणि गेला.

बाहेर जाऊन त्याने आपल्या ग्रुपवर ती क्लिप खोटी असल्याचं टाकलं, असं दोन दिवसांनी कळलं. पण क्लिप काही त्याच्या एकट्याच्या ग्रुपमध्ये नव्हती. ती पुढे कुठेकुठे जात राहिली, आणि खरं काय ते सांगणारा निरोप तिच्या मागे लंगडत राहिला. रहेमानचाचांनी माहेनूरला मनमाडला फुफूकडे पाठवलं. सृष्टीच्या समोशाचीही एक क्लिप निघाली, आणि काही दिवस तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबरांवरून अशा भाषेत निरोप आले की ती ते पूर्ण वाचायच्या आधीच पुसायची. कॉलनीतल्या दोघा-चौघांनी धोंडीरामांना रस्त्यात थांबवून विचारलं. ते सृष्टीशी आठवडाभर बोलले नाहीत. संध्याकाळी कचेरीतून आले की खुर्ची दारात ओढून बसायचे. हवा येते म्हणायचे.

एका संध्याकाळी तशीच खुर्ची दारात असताना ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "चुना मळणाऱ्यांचं म्हणालीस ते बरोबर होतं."

सृष्टी थांबली.

"समोशाचं नसतीस म्हणालीस तरी चाललं असतं," ते म्हणाले, आणि पेपर उघडला.

माहेनूर परत आली तेव्हा सिनेमा गावातून उतरला होता. योगेशशेठनी तिच्यासाठी आतल्या खोलीत, लेन्स घासायच्या मशीनजवळ स्टूल टाकलं होतं. "थोडे दिवस," ते म्हणाले. "समोर नको. लोक विसरू देत."

"मला लेन्स घासता येत नाही, शेठ," माहेनूर म्हणाली. "मला माप घेता येतं. मी समोरच बसणार. नसेल चालत तर तसं सांगा, मी घरी जाते."

योगेशशेठनी सृष्टीकडे पाहिलं.  त्यांनी खांदे उडवले आणि आत निघून गेले.

दोघी एकट्या राहिल्या. माहेनूरने फडक्याने काउंटर पुसायला घेतला, तो पुसलेलाच होता.

"अब्बूंनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "पहिल्यांदा तू कापलेलं लावलंस ते पण."

"हो."

"मला विचारायचं ना. तो भाग कापू नको म्हणाले असते. आपण भांडतो तेच तर त्यात चांगलं होतं."

"घाबरले होते गं."

"मी पण घाबरले होते. मनमाडला तर मी घराबाहेर पडले नाही. फुफूच्या घरी टीव्हीवर कुठला पण पिक्चर लागला आणि कोणी विचारलं, बरा आहे का, तर मी म्हणायचे, माहीत नाही." तिने फडकं घडी करून ठेवलं. "मला राग आहे तुझा. थोडा. जाईल, पण आज आहे."

सृष्टीने मान हलवली. 

दार उघडलं. एक बाई आत आल्या, हातात मोडक्या काडीचा चष्मा. खुर्चीत बसल्या, माहेनूरकडे पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. सृष्टीचा हात बिलाच्या मशीनवर तसाच राहिला.

"तू तीच ना गं?" बाई म्हणाल्या. "मोबाइलवर आलेली?"



"हो, मीच," माहेनूर म्हणाली. "सरळ बसा, काकू. हनुवटी जरा वर."

तिने मापाची पट्टी बाईंच्या डोळ्यांसमोर धरली. पट्टी हलत होती. तिने एक श्वास घेतला, कोपर काउंटरला टेकवलं आणि हात स्थिर होईपर्यंत थांबली. बाईंनीही पापणी न लवता समोर बघत वाट पाहिली.